उजवा पाय

सूनबाईने मोटरसायकल घेतली तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी घेतली असेल. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलंय. दोघेही चुकले. नवरा परगावी शीतगृहात कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि आला की झोपायचा. राहता राहिलं डोकं, तर ते गल्लीतल्या बहुतेक डोक्यांपेक्षा जास्त ठिकाणावर होतं.

गोष्ट साधी होती. ती घरी बसून शिवणकाम करायची: फाटलेलं सांध, सैल झालेलं आत घे, आखूड झालेलं लांब कर. कामाला तोटा नव्हता, पैशाला होता. पँटची चेन बदलून घेताना लोक अशी घासाघीस करतात, जसं काही घरदार लिहून द्यायचंय. अशात युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. दवाखान्यांत, हॉटेलांत, गोदामांत फिरून माणसांची मापं घ्यायची, तयार कपडे अंगावर घालून बघायचे, काय कुठे चुकलं ते कारखान्यात येऊन सांगायचं. पगार महिन्याच्या महिन्याला. अट एकच, स्वतःची गाडी आणि परवाना.

"पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबते," मालकीणबाई म्हणाल्या. "तुझा हात चांगला आहे म्हणून थांबते हं. नंतर मात्र मला दुसरी बघावी लागेल."

स्कूटरच्या किमती ऐकून सूनबाई आल्या पावली परत फिरली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे मात्र एक जुनी मोटरसायकल धूळ खात पडली होती. इंजिन इतकं लहान की तरुण पोरांना तिच्यावर बसायची लाज वाटायची, म्हणून ती स्वस्त. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला टाकलेले पैसे तिने त्या गाडीत घातले. गाडी घेऊन भागत नाही हे तिला मागाहून कळलं. मागचा टायर गुळगुळीत, साखळी ढिली, एक आरसा गायब, विमा संपलेला. आरसा भंगारात मिळाला. सीटचं कव्हर तिने उरलेल्या रेक्झिनमधून स्वतः शिवलं, दुहेरी शिलाईचं, आणि खरं सांगायचं तर गाडीत बघण्यासारखं तेवढंच होतं. हेल्मेटही ती जुनंच बघत होती, पण तिथे सासरेबुवा आडवे आले.

"दुसऱ्याच्या डोक्यावरचं नको. नवं घे, मी देतो," ते म्हणाले. "आणि शिकवणीचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. मी काय मेलोय?"

सासरेबुवा हयातभर बस चालवून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून चालवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून ते घर चालवायला बघत, आणि घर त्यांना अजिबात दाद देत नसे. सून शिकणार म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्याच दिवशी कपाटातून खाकी शर्ट काढून, इस्त्री करून, ते तिला बंद गोदामामागच्या मैदानावर घेऊन गेले.

शिकवण्याची त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. मैदानात त्यांनी ठिकठिकाणी विटा मांडल्या. प्रत्येक वीट म्हणजे एक थांबा. "चालवणं काय, कुणालाही येतं," ते म्हणत. "ड्रायव्हर ओळखायचा तो थांबण्यावरून. दार बरोबर प्रवाशाच्या नाकासमोर आलं पाहिजे." मग प्रवासी कोण? तर तेच. एका विटेपाशी हात वर करून उभे राहायचे.

गाडी सुरू करायला ती पटकन शिकली. क्लच हळू सोडायला शिकली, गिअर टाकायला शिकली, वळायलासुद्धा शिकली. थांबायला मात्र काही केल्या जमेना. सावकाश, आधी ठरवून थांबायचं असेल तर जमायचं. पण सासरेबुवांनी अचानक हात वर केला रे केला की ती त्यांच्यासमोरून तशीच पुढे निघून जायची, डोळे मोठे करून, तोंडाने "अहो बाबा, अहो बाबा" करत.

"अगं, ब्रेक!"

"दाबतेच आहे!"

"दाबतेस तर गाडी का जातेय?"

"ते मला काय माहीत!"

मेकॅनिकने एकदा ब्रेक तपासून दिले, ते ठणठणीत होते. म्हणजे खोट गाडीत नव्हती. गाडी विकत घेताना माणूस गाडीतली खोट शोधतो, स्वतःतली कोण शोधणार?

एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. सासरेबुवा थांब्यावरून जरा पुढे सरकून उभे होते. बहुधा प्रवासी अंगावर आला की ही थांबेलच, असा त्यांचा हिशेब असावा. ती थांबली नाही. त्यांनी बाजूच्या वाळूच्या ढिगावर उडी टाकली, ती आणि गाडी त्याच ढिगात घुसली. तिला खरचटलंसुद्धा नाही. सासरेबुवांच्या मनगटाचा सांधा मात्र सुजून लाल झाला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि या वयात उड्या कशाला मारता, असं विचारलं.

रविवारी नवरा घरी आला. "हाताला काय झालं?"

"न्हाणीघरात पाय घसरला," सासरेबुवा म्हणाले.

"माझ्यामुळे झालं," सूनबाई म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण त्या पट्टीकडे बघून ते जमेना.

नवरा रागावला नाही. रागावला असता तर तिने भांडून घेतलं असतं. तो नुसता म्हणाला, "विकून टाक गं. जमत नाही ते नाही. त्या पैशात मशीन घे." आणि कूस बदलून झोपला. त्या दुपारी सूनबाई स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सोडून रडली. नोकरी जाणार याचं दुःख होतंच, पण आपण एका म्हाताऱ्या माणसाला गाडीखाली घेतलं असतं, ही भीती त्याहून मोठी होती.

सोमवारी सून-सासरे दोघं गाडी विकायला म्हणून ढकलत मेकॅनिककडे गेली. चालवत नेण्याची तिची छाती नव्हती. मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाताचा ब्रेक का नाही दाबलात, ताई?"

"हाताचा?" ती म्हणाली. "तो गाडी उभी केल्यावर लावायचा ना? बाबांनी सांगितलं होतं, चालत्या गाडीत त्याला हात लावायचा नाही."

मेकॅनिकने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सासरेबुवांकडे. बसमध्ये हाताचा ब्रेक गाडी उभी असतानाच ओढतात, हे त्यालाही माहीत होतं. बिचाऱ्याने हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आलं. पट्टी बांधलेला हात सासरेबुवांनी दुसऱ्या हाताने धरला आणि रस्त्यावरच्या रहदारीकडे बघत राहिले.

"दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे," मेकॅनिक म्हणाला. "विकायची घाई करू नका. महिना संपेपर्यंत बघा, नाहीच जमलं तर मी परत घेतो." सासरेबुवा एरवी रस्त्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवायचे, त्या दिवशी परतीच्या वाटेवर कुणालाच ठेवली नाहीत.

तरीही निम्मं कोडं तसंच होतं. हाताचं ठीक, पण पायाचं काय? पाय तर ती दाबत होती. निदान तिला तसं वाटत होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर मिळालं. ती एक बाही जोडत होती. मशीन विजेवर चालणारं, पायाखाली छोटं पेडल. दाबलं की सुई पळते, सोडलं की थांबते. कापड सुईखाली दुमडलं, बोट सुईजवळ गेलं, आणि तिचा उजवा पाय टुणकन वर उचलला गेला. मशीन जागच्या जागी थांबलं. ती पायाकडे बघत राहिली. मुद्दाम पुन्हा बोट सुईजवळ नेलं. पाय पुन्हा वर.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, इकडे या! सापडला चोर!"

सासरेबुवा धावत आले, हातात लाटणं. तिने त्यांना पाय दाखवला. इतकी वर्षं त्या पायाला एकच धडा दिलेला होता: घाबरलास की उचल. मोटरसायकलच्या ब्रेकचा धडा नेमका उलटा. म्हणजे मैदानात ती घाबरायची, पाय ब्रेकवरून उचलायची आणि शपथेवर सांगायची की दाबला. पायाचा ब्रेक मशीनने काढून घेतला होता आणि हाताचा बसने. गाडीने तरी थांबायचं कसं?

"मग आता शिवणं बंद ठेव थोडे दिवस," सासरेबुवा म्हणाले.

"आणि खायचं काय? सीट कव्हर?"

खरी अडचण हीच होती. दिवसभर शिवायचं म्हणजे दिवसभर पायाला तेच शिकवायचं, आणि संध्याकाळी तासभर मैदानात त्याला विसर म्हणायचं. पाय कुणाचं ऐकणार? सूनबाई टेबलाखाली वाकली, पेडल ओढलं आणि डाव्या पायाखाली सरकवलं.

पुढचे काही दिवस आठवून ती अजून कानाला हात लावते. डावा पाय म्हणजे निव्वळ अडाणी. मशीन एकदम सुसाट सुटायचं, नाहीतर जागचं हलायचं नाही. टाके असे पडत की शिवणाऱ्याने दारू प्यायलीय म्हणावं. एका गिऱ्हाइकाचा खिसा तिने उघड्या बाजूनेही शिवून बंद केला. ते गृहस्थ खिशात हात घालायला गेले आणि हात बाहेरच राहिला. तिने माफी मागून फुकट उसवून दिला. पण उजवा पाय आता दिवसभर नुसता जमिनीवर टेकलेला असायचा, आणि संध्याकाळी मैदानात त्याला एकच काम. दाब.

"आणि घाबरून डावा उचलला तर?" सासरेबुवांनी विचारलं.

"तर गिअर बदलेल फार तर. माणूस नाही मरणार."

सासरेबुवा आता प्रवासी होत नसत. लांब कठड्यावर बसून राहत आणि फारसं बोलत नसत. ती दोन्ही ब्रेक धरून थांबली की मान हलवत. इतका गप्प शिक्षक तिला आवडत नव्हता, पण विचारलं तर "हात ठणकतोय" म्हणत, आणि त्यापुढे काय बोलायचं?

परीक्षेच्या दिवशी महिना जवळजवळ संपला होता. यात नापास झाली तर पुढची तारीख मालकीणबाईंच्या मुदतीपलीकडे जात होती, हे तिला माहीत होतं आणि म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. मैदानात पांढऱ्या रेघा मारलेल्या. तिच्या आधीची पोरं मोठ्या गाड्यांवर आली होती. तिच्या गाडीचा आवाज ऐकून एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. तिने लक्ष दिलं नाही, तिचं सगळं लक्ष एका पायात होतं.

आठाचा आकडा तिने नीट काढला. गिअर बदलून सरळ पट्ट्यावर आली. शेवटच्या रेघेवर थांबायचं होतं. रेघ अजून लांब होती, म्हणून ती जरा सैलावली, आणि तेवढ्यात परीक्षा घेणारे साहेब फोनवर कुणालातरी झापत झापत थेट तिच्या वाटेत आले.

ती घाबरली. अगदी सुई बोटाशी आल्यावर घाबरते तशीच. आणि उजवा पाय खाली गेला. हाताची बोटंही मिटली. गाडी गचका खाऊन थांबली, पुढचं चाक साहेबांच्या बुटापासून वीतभर अंतरावर. डावा पाय मात्र उगाचच हवेत तरंगत होता.

साहेबांनी फोन कानापासून काढला. चाकाकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. "ब्रेक चांगले आहेत," ते म्हणाले.

"ब्रेक पहिल्यापासून चांगलेच होते, साहेब," ती म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

ती पास झाली. मालकीणबाईंनी फोनवर "सोमवारपासून ये" एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागल्या. नवऱ्याने फोनवर "खरंच?" असं तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज जरा हलला.

सोमवारी सकाळी ती मापाची टेप गळ्यात अडकवून निघाली, तेव्हा सासरेबुवा फाटकाशी उभे होते. हाताची पट्टी सुटली होती. त्यांनी टायर दाबून बघितले, आरसा पुसला, मग पुन्हा पुसला.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी दुचाकीवर कधी बसलोच नाही. सायकलसुद्धा नाही. लहानपणी घरात नव्हती, आणि नंतर एकदम बसच हातात आली. मग एवढा ड्रायव्हर माणूस, कुणाला सांगणार? तुला शिकवायला निघालो आणि... माझ्या हातून तुझं काहीतरी बरंवाईट झालं असतं, पोरी."

सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवसापासून हे एवढं मनात धरून ते कठड्यावर बसत होते आणि तिला वाटत होतं, हात ठणकतोय. पण उशीर झाला असता, आणि रडत गाडी चालवायची नसते. तिने हेल्मेटचा पट्टा लावला.

"बाबा, गुरुवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी मैदानावर जाऊ. इस्त्रीचं काही घालू नका. जुनी पँट काढून ठेवा, फाटली तरी मी शिवून देईन."

"कुणाला? मला?"

"मग काय मला?" तिने गाडी सुरू केली. "आधी थांबायचं कसं ते शिकवीन. चालवणं काय, कुणालाही येतं."

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत सासरेबुवा फाटकाशी उभे राहिले. मग आत गेले, कपाट उघडलं आणि जुनी पँट शोधायला लागले.