पात्यांच्या जागेवरचा ढग

आज दुपारी तीन वाजता पवनचक्क्यांच्या टेकडीवर वीज पडली. त्या वेळी तिघे जण एका पवनचक्कीच्या माथ्यावर काम करत होते.

मी एक जुना हवामान रडार आहे. मित्रांनो, त्या विजेचा ढग मी ती पडण्याआधीच दाखवला होता.

मला उंच मनोऱ्यावर बसवून वर पांढरा घुमट चढवला, त्याला बरीच वर्षे झाली. आत माझी मोठी थाळी फिरत असते. मी रेडिओ लहरींचा एक झटका सोडतो आणि गप्प राहून ऐकतो. माझे बहुतेक आयुष्य ऐकण्यातच गेले. लहरी थेंबांवर आणि गारांवर आपटून परत येतात. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते, त्यांच्या जोरावरून पावसाचा जोर. थेंब माझ्याकडे येत आहेत की लांब चालले आहेत, हेही लहरींतल्या फरकावरून समजते.

एकदा समुद्रातले वादळ मी वेळेवर दाखवले आणि सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या. तेव्हा लोक माझे फोटो काढायला येत. पुढे घुमटाचा रंग उडाला, येणारे थांबले.

मग टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. घरे आणि डोंगर हलत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून परतलेल्या लहरी गाळता येतात. फिरती पाती मात्र मला पावसासारखीच भासतात. पडद्यावर तेथे रोज लाल डाग उमटू लागला. अंदाज देणाऱ्या ताईंचा थोरला भाऊ त्याच पवनचक्क्या दुरुस्त करतो. म्हणून आमच्या खोलीत त्या डागाला सगळे ‘दादाची पोरं’ म्हणतात.

आज माझे तेलपाणी पाहणारे मिस्त्री म्हणाले, “ताई, पोरांनी जास्तच धिंगाणा घातलाय.”

“वारा सुटला की अंगात येतं त्यांच्या,” ताई हसल्या. इशारा गेला नाही.

थोड्या वेळाने वहिनींचा फोन आला.

“ताई, हे फोन उचलत नाहीयेत. डबा घरीच विसरलेत. पाती बांधून वर चढायचं म्हणत होते, ते काय उपाशीपोटी?”

“पाती बांधून?”

“हो, आज सगळ्याच पवनचक्क्या बंद आहेत म्हणे.”

ताईंनी पडद्याकडे पाहिले. “मिस्त्री, पाती बंद आहेत. मग हे काय नाचतंय?”

त्यांनी माझे वरच्या कोनातले, म्हणजे पात्यांच्या वरच्या आकाशाचे, चित्र उघडले. पवनचक्क्यांच्या कितीतरी वर लाल रंग चढला होता. ते चित्र मी केव्हापासून देत होतो; त्या जागेसाठी ते उघडायची सवयच सुटली होती.

ताईंनी इशारा सोडला आणि पवनचक्कीच्या पायथ्याशी थांबलेल्या दादाच्या मदतनिसाला फोन लावला.

“दादाला खाली बोलाव. आत्ता.”

“हाका मारतोय ताई. वाऱ्यात ऐकू जात नाहीये.”

त्यानंतर वीज पडली.

मित्रांनो, माझा घुमट रंगवा, थाळीला तेल द्या. मला ते हवेच आहे. पण माझ्या पडद्यावरची जी जागा तुम्ही रोज खोटी धरता, तीही रोज नव्याने तपासा. मी खरे कधी सांगतो, ते मला वेगळे करून सांगता येत नाही.

मदतनिसाचा शेवटचा फोन आला तेव्हा दोघे शिडीने उतरले होते. ताईंचा भाऊ वरच होता. मिस्त्री गाडी घेऊन टेकडीकडे निघाले आहेत. ताई पडद्यासमोर बसून पुन्हा पुन्हा त्याचा नंबर लावत आहेत. रिंग वाजते आहे.