गल्लीवरची राख

नगरपंचायतीकडून मोजणीला आलेल्या नीतूनं टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला दाबून धरलं आणि तिसऱ्यांदा आकडा वाचला.

"एकसष्ट फूट, आजी."

"अजून एक डाव मोज ना, पोरी."

चौथ्यांदा मोजून भिंत आखूड होणार नव्हती, हे अनुसयाबाईलाही कळत होतं. नगरपंचायतीच्या नव्या मसुद्यात रस्त्याच्या देखभालीचा आकार घराच्या रस्त्याकडच्या लांबीवर ठरायचा होता. अनुसयाबाईचं घर गल्लीच्या तोंडाशी, आगगाडीसारखं लांब आणि तेवढंच अरुंद. बिड्या वळून पोट भरणाऱ्या या म्हातारीच्या नावावर गल्लीतला सगळ्यात मोठा आकडा आला होता. तो भरायचा तर कोपऱ्यावरची खोली विकावी लागणार होती. उजेडाची तेवढी एकच खोली, तिथंच ती बिड्या वळायला बसायची.

हरकत घ्यायची सोय होती. अकरा घरांपैकी सहांनी सही केली, तर गल्लीला खर्चाची आपली वेगळी वाटणी सुचवता येत होती. पाच सह्या झाल्या होत्या. बाकीच्यांची दारं अरुंद, त्यांना कशाला नसती उठाठेव. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत होती.

"टेप भिंतीले काऊन लावून राहिली?"

नीतूनं वळून पाहिलं. गल्लीच्या शेवटच्या घरातले गोपीचंदबाबा काठी टेकत उभे होते. अर्जुनी मोरगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले, हल्ली मुलाकडे, भूपेंद्रकडे, राहायला आलेले. भूपेंद्रचे मुरमाचे दोन टिप्पर होते आणि फाटक फक्त बारा फुटांचं.

"नियमच तसा आहे, बाबाजी."

"भिंतीनं रस्ता झिजते का? आमच्या तलावाची पाळ दरसाल दुरुस्त होये. ज्याची धानाची बांधी पाळीले लागून, त्यानंच माती टाकावी, असं नोहोतं. ज्याच्या धानानं जेवढं पानी पेलं, तेवढ्या टोपल्या माती त्याच्यावर."

"पण कुणी किती पाणी घेतलं, ते कसं कळायचं?"

"पानी निंगून जाते, पोरी. गाळ राह्यते." एवढं बोलून म्हातारा चालू लागला. जुन्या माणसांचं असं असतंच, म्हणत नीतूनं टेप गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती सह्यांचं रजिस्टर घेऊन आली आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकली. सगळी गल्ली काळी होती. राईस मिलमधली भुशाची राख गोपीचंदबाबांनी पहाटेच ठेल्यानं आणून, सुपानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळ पसरली होती. दिवसभराची गल्ली तिच्यावर जशीच्या तशी उमटून राहिली होती.

अनुसयाबाईच्या दारातून अनवाणी पावलं निघाली होती. भिंतीच्या कडेकडेनं नळापर्यंत गेलेली, तशीच परत आलेली. मागे कोंबडीची तीन बोटं. बस, एवढंच. बाकी रस्त्यावर मात्र त्या एकसष्ट फुटांसमोरून टिप्परची रुंद जोडचाकं गेली होती, आली होती, पुन्हा गेली होती. मध्ये सायकली, एकदोन मोटरसायकली. खड्ड्याखड्ड्यात राख दाबून बसवलेली. नीतू त्या खुणांच्या मागे चालत राहिली आणि भूपेंद्रच्या बारा फुटी फाटकाशी येऊन थांबली.

तीन दिवस ती या गल्लीत भिंती मोजत होती, आणि रस्त्याकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. लोक आपापल्या दारात उभे होते. कुणी राखेवर पायही टाकत नव्हतं.

साडेपाचला टिप्पर आला, तेव्हा नीतू अनुसयाबाईच्या दाराशी परत आली होती. दारादारांत उभी माणसं पाहून भूपेंद्रनं तो गल्लीच्या तोंडाशी थांबवला आणि तिथंच उभ्या असलेल्या बापाला खिडकीतूनच विचारलं,

"बाबा, हे का करून राहिले? लोकं हासतीन ना आपल्याले."

कुणीच हसत नव्हतं.

"म्या राखच टाकली, बापू," गोपीचंदबाबा म्हणाले. "बाकी सारं तुह्या गाडीचं होय."

भूपेंद्र खाली पाहत राहिला. घर त्याच्या नावावर होतं, त्यामुळे म्हाताऱ्याची सही चालणार नव्हती, हे नीतूला ठाऊक होतं. तिनं घड्याळ पाहिलं. टिप्परचं इंजिन घरघरत होतं. आता तो रेस देऊन सरळ आत घुसणार, असं वाटून ती भिंतीकडे सरकली.

इंजिन बंद झालं. भूपेंद्र उतरला. चपला त्यानं टिप्परजवळच काढल्या आणि अनुसयाबाईच्या भिंतीला घासत, तिच्या पावलांवर आपलं पाऊल पडू नये म्हणून अंग चोरत, नीतूपर्यंत आला.

"सही कोठी करू?"

नीतूनं सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं सही केली, मग आपल्या फाटकाकडे पाहून म्हणाला,

"वाटणीत पयलं नाव आमचंच लिवा."

अनुसयाबाईनं लोटाभर पाणी आणून त्याच्या काळ्या पायांवर ओतलं आणि बिड्यांचं सूप घेऊन कोपऱ्यावरच्या खोलीत जाऊन बसली. अजून थोडा उजेड होता.

नीतूनं टेप पिशवीच्या तळाशी सारली. परत जाताना तिनंही सँडल काढून हातात घेतले.