पऱ्हाटीची मोळी

ज्याने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटाव्यात, त्यानेच त्या सरपणाला न्याव्यात, ही चाळीसगावकडच्या त्या गावाची जुनी रीत. कपाशी वेचून झाली की यशोदाबाई पऱ्हाट्या उपटायचा लोखंडी चिमटा घेऊन प्रमिलाबाईंच्या वावरात उतरायची आणि वर्षभराचं जळण बांधून न्यायची. तिला स्वतःचं वावर नव्हतं. चूल पेटायची ती या पऱ्हाट्यांवर.

यंदा प्रमिलाबाईंनी पऱ्हाट्या मशीनने बारीक करून मातीतच मिसळायचं कबूल केलं होतं. धूर नाही, जमीन सुधारते, वर खर्चाला सरकारी मदत. सगळं पटलं होतं त्यांना. फक्त यशोदाबाईला सांगायची जीभ रेटेना. ती समोरून दिसली की प्रमिलाबाई गल्ली बदलायच्या. साठीची बाई, आणि चालणं चोराचं!

शेवटी व्हायचं तेच झालं. मशीन बांधावर आलं आणि यशोदाबाईही आली, चिमट्याला नवा दांडा बसवून. मशीनकडे पाहून ती थबकली.

"अक्का, सांगाले काय व्हतं? मी काय वाघीन शे का?" एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. प्रमिलाबाईंना रडूच फुटलं.

डोळे पुसून त्या मशीनसोबत आलेल्या, सरकारी योजनेच्या हितेंद्रकडे वळल्या. "भाऊ, पहिले हिना चुल्हा, मंग मनं वावर."

"अक्का, मदत शेतमालकालाच मिळते. सरपणाचं नियमात नाही."

"नियम करनारा जेवतस का नही?"

"आज मशीन परत गेलं तर तुमचा नंबर दुसऱ्याला जाईल," हितेंद्र समजावत म्हणाला.

"जाऊ दे."

मशीन परत गेलं. गाव हसलं, घरात सुनेने तोंड फिरवलं. पण प्रमिलाबाईही हट्टाला पेटल्या होत्या. बचत गटात, देवळात, जिथे माणसं भेटतील तिथे त्या एकच विचारायच्या: मातीला खाऊ घालता, मग यशोदाबाईच्या चुलीने काय करावं? हळूहळू बाकीचे शेतकरीही मान डोलावू लागले, कारण प्रत्येकाच्या वावरात एक यशोदाबाई होतीच. सगळ्यांनी मिळून हितेंद्रला वरती बोलायला लावलं. तो बिचारा खेटे घालून दमला, पण मंजुरी आणली: पऱ्हाट्या उपटणाऱ्या घरांना त्याच सरकारी मदतीतून गॅस.

मशीन पुन्हा आलं, यशोदाबाईकडे सिलिंडर पोचल्यावर. तिच्या चिमट्यासाठी प्रमिलाबाईंनी बांधाकडच्या दोन ओळी राखल्या होत्या. संध्याकाळी तिने एक मोळी आपल्या घरी नेली आणि दुसरी प्रमिलाबाईंच्या ओट्यावर आणून टाकली.

"हाई कसाले?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"आखाजीले खापर काय गॅसवर ठेवशी?"

अक्षय्य तृतीयेच्या, मातीच्या खापरावर भाजायच्या पुरणपोळ्या! त्यांना सरपणाची चूलच लागते. गावभर दुसऱ्याच्या चुलीसाठी भांडताना प्रमिलाबाई स्वतःची चूल विसरून गेल्या होत्या.

"मंग पोया कराले तूच ये," त्या म्हणाल्या.

यशोदाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "ते काय सांगानं लागस, अक्का?"