आधीच्या बाई

नळाला पाणी नसलं तरी बाईंचा आवाज ऐकून निम्मी तहान भागते, असं पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातला फिटर म्हणायचा. तक्रारींचा फोन कित्येक वर्षं बाईंकडेच होता. तावातावानं बोलणारा माणूसही शेवटी 'बरं, बघा तुमच्या सवडीनं' म्हणून फोन ठेवायचा. बाई तशा अबोल, लग्न राहून गेलेलं, दिसायला चारचौघींसारख्या. पण देवानं सगळं माप गळ्यात ओतलं होतं.

रोज फोन करणारे एक काका होते. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. पाण्याला दाब नाही, एवढीच त्यांची तक्रार. फिटर दोनदा जाऊन आला, दाब उत्तम होता. बाई काय ते समजल्या आणि रोज आपणहून विचारू लागल्या, "काका, जेवलात का?" मग काका पाण्यावरून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून लांब राहणाऱ्या लेकीवर यायचे.

त्या वर्षी बाईंचा दमा वाढला. जिना चढला की छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला, सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणाले. दवाखान्यात गर्दी होती, पुढचा पेशंट दारातून आत आलाच होता. पण पंपानं गुण आला. बाईंना शांत झोप लागू लागली.

काही आठवड्यांनी एका सोमवारी त्यांनी फोन उचलला, "नमस्कार, पाणीपुरवठा" म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. फुटक्या मडक्यातून यावा तसा आवाज. हे झालं कधी? आठवून पाहिलं तर शनिवारी कार्यालयातून निघाल्यापासून त्यांनी तोंडातून शब्दच काढला नव्हता. आई होती तोवर 'गॅस बंद केलास का' एवढं तरी होतं. आई गेली आणि घर मुकं झालं.

त्या दिवशीही काकांचा फोन आला.

"त्या आधीच्या बाई नाहीत का?"

'अहो, मीच' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण खाकरूनही घसा मोकळा होईना, आणि समजावत बसणं जिवावर आलं. "गावाला गेल्यात," त्या म्हणाल्या.

"मग राहू द्या. त्या आल्या की करतो."

पाण्याचं नावही त्यांनी काढलं नाही.

कार्यालयात ज्यानं त्यानं उपाय सुचवला. कुणी मध सांगितला, कुणी ज्येष्ठमध. साहेब म्हणाले, "आठवडाभर बघू. नाहीतर तुम्ही फायली सांभाळा, फोन शेजारच्या टेबलावर देऊ." फायली कुणाशी बोलत नाहीत, हे बाईंना माहीत होतं. पंप घेतला की घसा कोरडा पडतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं म्हणून त्यांनी पंप कपाटात टाकला. कुणाला विचारलं नाही. विचारायला होतं कोण?

आवाज जरा सुधारल्यासारखा वाटला, पण छातीतली शिट्टी परत आली. त्यातच काकांनी पुन्हा फोन केला.

"अजून गावालाच? मोठं गाव दिसतंय."

बाई हसल्या, तसा खोकला आला.

"त्यांना एक सांगाल का?" काका म्हणाले. "जाऊ द्या, काही नको. त्या जेवणाचं विचारायच्या. विचारणारं कुणी नसलं की भूकही वेळेवर लागत नाही हो."

"काका, मीच आहे ती."

"म्हाताऱ्याची थट्टा करू नका."

"तुमचा डावा गुडघा दुखतो. आणि लेकीला मात्र तुम्ही ठणठणीत आहे म्हणून सांगता."

मग काकांनी हळूच विचारलं, "मग तुम्हाला झालंय तरी काय?"

इतक्या दिवसांत उपाय सगळ्यांनी सांगितले होते; काय झालंय, हे कुणी विचारलं नव्हतं. बाई सांगू लागल्या आणि मध्येच त्यांचा श्वास अडकला. आत गेलेली हवा बाहेर येईना. शेजारच्या टेबलावरचीनं रिसीव्हर काढून घेतला. फिटरनं त्यांना कार्यालयाच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

वाफेचं औषध देऊन झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पंप कुणाच्या सांगण्यावरून बंद केलात?"

"आवाज जात होता."

"पंप घेतल्यावर चूळ भरायचात?"

"नाही."

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला. जिभेवर, टाळ्याला पांढरे चट्टे होते. "औषध तोंडात चिकटून राहतं, त्यानं हे होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी," ते म्हणाले. त्यांनी पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी दिली, चट्ट्यांवर औषध दिलं. "दर वेळी खळखळून गुळण्या करून थुंकायचं. आणि मला विचारल्याशिवाय पंप सोडायचा नाही."

"आवाज पहिल्यासारखा होईल?"

"बहुतेक."

बाई तो 'बहुतेक' घेऊन घरी आल्या.

रजा संपवून त्या कामावर गेल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरचीनं काकांच्या लेकीकडचा नंबर हातात दिला. काकांना पुन्हा बाईंशी बोलायचं होतं, पण लेक येऊन त्यांना घेऊन गेली होती. बाईंनी लगेच फोन केला नाही. आवाज येऊ दे, मग करू, असं म्हणत दिवस गेले. आवाज सावकाश परतला, थोडा जाडसर होऊन. साहेबांनी फोनही परत दिला. तक्रारवाल्यांना फरक कळला नाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी तो नंबर लावला. पलीकडे पोरांचा गलका होता, भांडी वाजत होती.

"कोण बोलतंय?" काका ओरडून म्हणाले.

"पाणीपुरवठ्यातल्या बाई."

"हां, हां! आवाज आला वाटतं. छान झालं. अहो, इथं पाणी भरपूर येतं. थांब रे, ओढू नकोस. बरं, ठेवू का? सगळे जेवायला खोळंबलेत."

"ठेवा, ठेवा. जेवून घ्या," बाई म्हणाल्या.

काकांचं चांगलं झालं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. सकाळचा पंप राहिला होता, तो त्यांनी नळी लावून घेतला, बेसिनपाशी गुळण्या केल्या. मग एकटीपुरता भात लावला आणि तो होईपर्यंत खिडकीशी बसून राहिल्या.