ब्रेनरच्या रस्त्यावर टोलस्टॅडचं गाणं

टोलस्टॅड आणि ब्रेनर ही साउथ डकोटातली दोन शेजारगावं. दोन्हीकडे शाळा, दोन्हीकडे पोरं कमी आणि पैशांची ओढाताण. म्हणून दोन्ही शाळामंडळांनी वाटून घ्यायचं ठरवलं. बस एक, स्वयंपाकघर एक आणि संगीताची बाईही एकच. ती बाई म्हणजे आर्डिस फॉसम. सकाळी टोलस्टॅड, जेवणानंतर ब्रेनर.

सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग ब्रेनरच्या मंडळाचा अध्यक्ष वेंडेल क्राउस म्हणाला, "वाद्यं दोन ठिकाणी कशाला? आमची खोली कोरडी आहे." वाद्यं गेली. पाठोपाठ सरावही तिकडे गेला. टोलस्टॅडची पोरं बसनं जाऊ लागली आणि एके दिवशी बसची ती फेरीच बंद झाली. शेवटी भर सभेत वेंडेल म्हणाला, "संगीताला आम्हाला तरुण मास्तर मिळालाय, आता तुमची गरज नाही. आर्डिसबाई, तुमचा बँड ऐकून माझ्या गाई आटायला लागल्या होत्या!"

सभा खदखदून हसली. आर्डिसही हसली, कारण त्या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं. रडली ती गाडीत बसल्यावर. वेंडेल शाळेत तिचा वर्गमित्र, लहानपणापासूनचा ओळखीचा. त्यामुळे ते जास्तच झोंबलं.

ती टोलस्टॅडच्या मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली, पुढे अध्यक्ष झाली. लोकांना वाटलं, बाई विसरली. बाई वाट बघत होती.

एका हिवाळ्यात बर्फाच्या भारानं ब्रेनरच्या शाळेचं छप्पर कोसळलं. रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. पण नवी इमारत बांधायची ऐपत गावात नव्हती. वेंडेल आर्डिसच्या दारात आला. तिनं कॉफी ओतली, साखर विचारली नाही.

"आर्डिस, तुमच्या इमारतीत अर्धे वर्ग रिकामे आहेत," तो म्हणाला. "वाटून घेऊ. पूर्वीसारखं."

"पूर्वीसारखं?" तिनं विचारलं. "म्हणजे या वेळी कोण कुणाचं गिळणार?"

"जुनं कशाला उकरून काढतेस?"

"तुझ्यासाठी जुनं असेल, वेंडेल. तुला जे मागायचंय ते सभेत माग. सगळ्यांसमोर."

टोलस्टॅडच्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये दोन्ही गावं जमली. वेंडेल टोपी हातात धरून उभा राहिला आणि हळू आवाजात बोलला.

"मागे ऐकू येत नाही," आर्डिस म्हणाली.

तो पुन्हा बोलला.

"अजून नाही, क्राउससाहेब. तुमचा आवाज पूर्वी चांगला खणखणीत होता."

त्याची मान लाल झाली. "आमच्या पोरांना तुमच्या शाळेत घ्या," तो ओरडला. "मी विनंती करतोय!"

आर्डिसनं नकार द्यायचं घरूनच ठरवून आणलं होतं. शेजारी बसलेला मंडळाचा सदस्य गॉर्डी हेल्सेथ तिच्याकडे न बघता पुटपुटला, "बाई, पोरं काही वेंडेल नाहीत."

तिनं ब्रेनरच्या रांगांमधल्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरं येऊ देत. पण शाळेचं नाव टोलस्टॅड, गणवेशाचा रंग टोलस्टॅडचा आणि बँड माझा. मी अध्यक्षपद सोडते आणि फुकट शिकवते."

"बाई, खुर्ची सोडता?" गॉर्डी चकित झाला.

"मला खुर्ची कधी हवी होती?"

ठराव मंजूर झाला.

शरद ऋतूत ब्रेनरच्या जत्रेची मिरवणूक निघाली. दोन्ही गावांच्या पोरांचा मिळून एक बँड, अंगात टोलस्टॅडचे गडद लाल कोट. वेंडेलचं हार्डवेअरचं दुकान मुख्य रस्त्यावर, आणि तो दारात उभा. आर्डिसनं हात वर केला. बँड बरोबर त्याच्यासमोर थांबला.

"शाळेचं गाणं," ती म्हणाली.

टोलस्टॅडचं गाणं ब्रेनरच्या रस्त्यावर वाजलं. ते संपलं तसं तिनं पुन्हा हात उचलला. ब्रेनरची माणसं टाळ्या वाजवायची थांबली. कुणीतरी ओरडलं, "पुरे की आता!" तिनं तिसऱ्यांदा सुरू केलं.

बँडच्या दुसऱ्या रांगेत वेंडेलची नात जानेल होती. तिनं वाजवायचा लांब पितळी ट्रॉम्बोन खाली घेतला आणि आजोबांकडे बघत तशीच उभी राहिली. आर्डिसला ते दिसलं. हात मात्र खाली आला नाही. वेंडेल आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. तेव्हा कुठे बँड पुढे हलला.

सोमवारी जानेलनं ट्रॉम्बोन आणून टेबलावर ठेवला. "मला नाही वाजवायचं, बाई."

"तुझा हात चांगला आहे," आर्डिस म्हणाली.

"माहितेय मला," पोरगी म्हणाली आणि निघून गेली.

तिच्यानंतर तसा ट्रॉम्बोन वाजवणारं कुणी मिळालं नाही. त्या पोरीचं आर्डिसला पुढे वाईट वाटत राहिलं, सराव घेताना मधेच आठवण यायची. वेंडेलचं मात्र कधीच वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी मिरवणुकीचा रस्ता ठरवायला बसले तेव्हा गॉर्डी म्हणाला, "या खेपेला मागच्या गल्लीनं नेऊ या का?"

"मुख्य रस्त्यानंच जायचं," आर्डिस म्हणाली.