टोमॅटोची आढी

शिवांगीच्या लग्नाचं सगळं ठरलं तेव्हा विनयाच्या लक्षात आलं, की आपल्या हातानं करण्यासारखं त्यात काहीच उरलेलं नाही. हॉल पुण्याचा, व्याह्यांनी पसंत केलेला. जेवण केटररकडे, सजावट दुसऱ्या कुणाकडे, मेंदीवालीसुद्धा नवऱ्यामुलाच्या, चैतन्यच्या बहिणीनं ठरवून टाकलेली. तेव्हा विनयानं जाहीर केलं, "केळवण आपल्या घरी. आणि सार माझ्या गच्चीतल्या टोमॅटोंचं."

पद्माकर पेपर वाचत होते. "अगं, पंचवीस माणसं येतील."

"येऊ देत की."

दिल्लीच्या रामकृष्णपुरममधलं त्यांचं सरकारी क्वार्टर सर्वांत वरच्या मजल्यावर होतं. त्यामुळे गच्ची जवळजवळ त्यांचीच. विनया सकाळी मंत्रालयात जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर तिथेच सापडायची. रंगाच्या जुन्या बादल्यांना भोकं पाडून तिनं ऑक्टोबरात रोपं लावली होती. जानेवारीच्या कडाक्यात आसपासच्या गच्च्यांवरचा पाला करपला, पण हिनं रोज अंधार पडायच्या आत जुन्या चादरी पांघरल्या आणि उन्हं आली की काढल्या. फुटवे खुडले, काठ्यांना सुतळीनं सैल बांधलं. फेब्रुवारीत झाडं अशी लगडली, की खालच्या भाटिया आंटी मुद्दाम जिना चढून बघायला आल्या.

पहिले टोमॅटो लाल झाले आणि माकडं आली.

विनया ऑफिसातून परतली तर जिन्यातच एक अर्धा खाल्लेला टोमॅटो. गच्चीत आणखी तसेच, एकेक चावा घेऊन फेकलेले. लाल झालेला एकही झाडावर नव्हता.

"बंदर हैं जी, क्या कर सकते हैं," भाटिया आंटी म्हणाल्या. "हमने तो अमरूद का पेड़ ही कटवा दिया."

पद्माकरांनी मनावर घेतलं. माकडं लंगुराला बिचकतात म्हणून बाजारातून काळ्या तोंडाच्या लंगुराचं माणसाएवढं चित्र आणून त्यांनी पाण्याच्या टाकीला बांधलं. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी एक माकडीण पिल्लाला घेऊन त्याच चित्राच्या सावलीत बसलेली दिसली. टोमॅटो खात.

शिवांगी हसून हसून बेजार झाली. मानेसरच्या कंपनीच्या बसमधून दमून आली होती, तरी हसू आवरेना. मग आईचा चेहरा बघून म्हणाली, "आई, सोड ना यार. ॲपवरून मागवू. दहा मिनिटांत येतात."

"सार माझ्याच टोमॅटोंचं होणार," विनया म्हणाली. आवाजही चढला नव्हता. उद्या सोमवार आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

त्या रविवारी ती चहाचा कप घेऊन गच्चीच्या दाराआड बसली. टोळी आली. एका दांडग्या माकडानं हिरवा टोमॅटो तोडला, हुंगला, चावला, थुंकला आणि भिरकावून दिला. दुसऱ्याला हातही लावला नाही. बाकीच्यांनी पानं चाळवून लाल शोधले, ते संपवले आणि सगळी शेजारच्या गच्चीवर गेली.

विनयाचं माहेर राजापूरचं. बसल्या बसल्या तिला हसू आलं. आंबा कधी कुणी झाडावर पिकू देतं का? तिथेही माकडं होतीच. पाडाला आला की उतरवायचा आणि घरात आढी घालायची, हे तिनं परकरात असल्यापासून बघितलं होतं. मग टोमॅटोनंच काय घोडं मारलंय?

ती टोपली घेऊन उठली. बुडाशी जरासा गुलाबी-पिवळसर डाग दिसेल तो प्रत्येक टोमॅटो देठासकट उतरवत गेली.

"अगं, कच्चे का तोडतेस?" पद्माकर धावत आले. "झाडावर पिकला तर त्याची चव. नाहीतर बाजारचे काय वाईट आहेत?"

"कच्चे नाहीत, पाडाला आलेत."

"पाडाला म्हणजे?" शिवांगीनं विचारलं. जन्म दिल्लीचा; हा शब्द तिनं कधी ऐकलाच नव्हता.

"म्हणजे आतून पिकायला लागलाय, बाहेर अजून दाखवत नाहीये. आता झाडानं त्याला द्यायचं ते देऊन झालंय. पुढचं तो स्वतः करतो." विनयानं टोपली तिच्या हातात दिली. "फ्रिजमध्ये ठेवू नकोस बरं का. तिथे तो गप्प बसेल."

कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून तिनं पपयांच्या खोक्यातला पेंढा मागून आणला. क्रेटमध्ये पेंढ्याचा थर, वर एकमेकांना न टेकणारे टोमॅटो, वर वर्तमानपत्र, पुन्हा पेंढा. मध्ये दोन पिकलेली केळी. क्रेट गेला शिवांगीच्या पलंगाखाली. विनया रोज ऑफिसला जाण्याआधी वाकून एकेक चाचपायची, मऊ पडलेला बाहेर काढायची, गच्चीतून नवीन आणून ठेवायची. खोलीला टोमॅटोच्या देठांचा वास येऊ लागला.

केळवणाच्या दोन दिवस आधी टोळी पुन्हा आली. लाल काही मिळेना, तेव्हा तिनं दोन झाडं मुळापासून उपटली आणि एक मोडलं. पद्माकर कपाळाला हात लावून उभे राहिले. विनयानं उपटलेल्यांवरचे उपयोगी पडतील तेवढे टोमॅटो काढून घेतले. मोडलेल्या खोडाला सुताची पट्टी गुंडाळली, बाजूला काठी रोवली.

"हे जगेल?"

"जगेल. टोमॅटो चिवट असतो, अहो."

रविवारी सकाळी तिनं सगळ्यांसमोर आढी उघडली. वरचे काही अजून नारिंगी होते, पण खालचे थर लालबुंद. तरी एका पातेल्याला कमी पडतील असं पद्माकरांना वाटलं, आणि ते खरंच होतं. विनयानं नारिंगीही घातले. "थोडा आंबटपणा हवाच," म्हणाली. नारळाचं दूध, मिरची, कोथिंबीर, गुळाचा खडा, वरून तुपात जिऱ्याची फोडणी.

करोल बागेतल्या उत्तरामावशीनं वाटी तोंडाला लावली आणि जेवण वाढायच्या आधीच पुन्हा पुढे केली. पंगत उठेपर्यंत पातेल्याच्या तळाशी फक्त जिरं उरलं होतं. पद्माकरांना स्वतःला अर्धीच वाटी मिळाली. ती संपवून ते बायकोला म्हणाले, "बाजारच्यांचं असं झालं नसतं." एवढं म्हणून ते पाहुण्यांना विडे द्यायला गेले.

शिवांगी स्वयंपाकघरात आली. नव्या साडीचा पदर खोचलेला, हातात आहेराची पिशवी.

"आई, चैतन्यच्या बंगळुरूच्या फ्लॅटला बाल्कनी आहे. ऊन येतं बऱ्यापैकी."

"मग?"

"मला शिकव ना."

विनयानं नळ सोडला आणि पातेलं धुवायला घेतलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी लवकर ऊठ."

सकाळी दोघी गच्चीत होत्या. शिवांगीनं एक गरगरीत हिरवा टोमॅटो धरला. "हा?"

"नाही. खालून बघ. नुसता पांढुरका आहे."

"हा?"

"उद्या."

तिनं पानं बाजूला केली आणि आत लपलेला एक टोमॅटो शोधला. बुडाशी बोटाच्या पेराएवढी गुलाबी झाक. आईकडे न बघताच तिनं तो देठासकट तोडला आणि टोपलीत ठेवला.