चुकलेल्या जागेचा श्वास

या, असे जवळ सरका. चहा निवला तर निवू दे, दुसरा टाकू. एका दमेकऱ्याच्या धापेनं अख्खा गाव कसा वाचला, ते आज सांगतो.

आमच्या बूरहरेरी गावावर सहा वर्षं टोळीवाल्यांचं राज्य होतं. त्यांनी पीराची कबर सुरुंगानं उडवली, उरूस बंद पाडला आणि भर चौकात बजावलं, की गाऊन अल्लाचं नाव घेणारी जीभ छाटू. शेवटी फौजेनं आणि गावच्या बंदूकवाल्यांनी मिळून त्यांना पिटाळलं. त्या दिवशी सहा वर्षांनी पहिला उरूस होता! आणि त्याच सकाळी फौजेचा कप्तान गुलेद पळतपळत दहाबोच्या चुलीशी आला. दहाबो म्हणजे वेशीवर यात्रेकरूंचं गाऊन स्वागत करणाऱ्या बायांची म्होरकी. तिनं सूर लावला की उंटसुद्धा रवंथ विसरत.

“आत्या, उरूस रद्द! मोगादिशूहून निरोप आलाय. यात्रेकरूच्या वेषात एक जण येतोय, अंगाला स्फोटकं बांधून.”

“नाव काय? दिसतो कसा?”

“काहीच ठाऊक नाही.”

“मग कशाच्या जोरावर रद्द करतोस रे लांबकान्या? आज दार लावलंस तर तो न येताच जिंकला. पुन्हा कोण येईल इथं गायला?”

“आणि माणसं मेली तर? गाऊन उठवशील त्यांना?”

दहाबोनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. खोटं कुठं बोलत होता तो? मग हळूच म्हणाली, “गाव मागं ठेव. मी चार बाया घेऊन लांब त्या बाभळीपाशी उभी राहते. एकेक जत्था गात येऊ दे. दुपारच्या नमाजापर्यंत मला नाही सापडला, तर कर रद्द.”

“गाण्यावरून काय कळणार?”

“तुला नाही कळायचं. तू गायलास की उंटीण आटते.”

गुलेदच्या मागोमाग आलेले शिपाई खो खो हसले. गुलेदचे कान लाल झाले, पण त्यानं मान डोलावली.

आता उरुसाला येणारा प्रत्येक जत्था जे स्तोत्र गात येतो, त्याची गंमत ऐका. पीराचा पहिला शिष्य दमेकरी होता. तिसऱ्या ओळीत ‘रहमत’ म्हणताना त्याला मधेच धाप लागे. ‘रह’ म्हणून थांबायचा, छातीभर श्वास ओढायचा, मग ‘मत’. त्याचे शिष्य तसंच शिकले, त्यांचे शिष्यही तसंच. शिकलेसवरलेले मौलवी हसत. लोक म्हणत, “हसा खुशाल. आमच्या गुरूचा श्वास आहे, तो आम्ही गाळायचा कसा?” पिढ्यान् पिढ्या ती चूक त्यांनी जिवापाड जपली.

जत्थे येऊ लागले. धूळ, डफ, ऊद, टाळ्या! दर जत्थ्याचं ‘रह’ आलं की दहाबोचं काळीज थांबे, आणि सगळ्यांनी मिळून श्वास घेतला की पुन्हा चालू होई. दहा जत्थे गेले. सावल्या पायांखाली आल्या.

अकरावा आला. वीसेक माणसं, सूर नुसता मधाळ. ‘रह’... सगळे थांबले, आणि त्या शांततेत एकच गळा न थांबता पुढं गेला, ‘मत!’

हिरव्या शालीतला तरुण होता तो. उच्चार कसा शुद्ध, पुस्तकातल्यासारखा. उजवा हात शालीच्या आत.

दहाबोनं तो हात पाहिला. नवशिका असला तर? आणि नसला तर? ओरडलं तर तो हात आतच काम करील. तिनं पालुपद सोडलं नाही, त्याच चालीवर आपले शब्द गुंफले:

“ऐक रे ऐक, लांब कानांच्या, हिरव्या कुरणात मागल्या वाटेनं ये!”

गुलेदनं ऐकलं. झुडपाआडून तो जत्थ्याच्या मागं वळला.

दहाबो दुधानं काठोकाठ भरलेलं लाकडी भांडं घेऊन सरळ त्या तरुणासमोर उभी राहिली. पाहुण्यानं दूध दोन्ही हातांनी घ्यायचं, एक हात पुढं करणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं, हे आमच्यात दुधपित्या लेकरालाही कळतं.

“घे रे बाळा. लांबून आलास.”

डावा हात पुढं आला. उजवा अडखळला. सगळा जत्था टकमक बघत होता.

“अन् दुसरा कुठं घरी ठेवलास?” दहाबो हसली. भांडं तिनं तसंच धरून ठेवलं.

उजवा हात बाहेर आला. भांड्याचं वजन दोन्ही तळव्यांवर पडलं, आणि मागून गुलेदनं दोन्ही मनगटं आवळली!

“पळा!” दहाबो ओरडली. जत्था पांगला. ती मात्र त्या तरुणाच्या उजव्या हाताला लोंबकळून राहिली. दूध वाळूत जिरलं. जाणत्या शिपायानं शाल फाडली, आतल्या स्फोटकांच्या पट्ट्याची तार पाहिली, कलमा पुटपुटत कापली. मग मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला.

“आत्या,” गुलेद धापा टाकत म्हणाला, “बोलाव तुझा गाव!”

काय सांगू तो जल्लोष! डफ कडाडले, बायांचे जिभा घोळवून काढलेले उलूध्वनी टेकडीपार गेले. दहाबो मात्र दुसरं भांडं भरून बांधलेल्या तरुणापाशी गेली, ते त्याच्या ओठांना लावलं.

“गळा गोड आहे रे तुझा. शिकवलं कुणी?”

“फोनवर शब्द धाडून पाठ करून घेतले.”

“शब्द देईल फोन. गळा कुणी दिला?”

त्यानं ओठांवरचं दूध खांद्याला पुसलं. “आई गायची. उगासो. टोळीनं मला उचलून नेलं, तेव्हापासून तिची खबर नाही.”

त्या दिवशी भर उरुसात दहाबोनं पहिली दुआ त्या नावानं मागितली. काही जण कुरकुरले, पण ‘आमीन’ सगळ्यांनी म्हटलं. तुम्हीही आज हात वर कराल, तेव्हा एवढं करा. कुठल्याशा मुलखात उगासो नावाची एक आई वाटेकडे डोळे लावून बसली असेल, तिची आठवण ठेवा.